जेआरएफचं पत्र ते शेवटचं यूसी : अवर्षणप्रवण जमिनीवरच्या पीएचडीची पाच वर्षं

माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, आष्टी, पाटोदा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले हे तालुके. इथल्या जमिनीचा ऱ्हास हा पीएचडीचा विषय घ्यायचा ठरवला की पहिली अडचण पैशाची येते. वेळेची अडचणही तेवढीच मोठी असते, पण ती उशिरा कळते. मातीचे नमुने काढायला वर्षातून एकदाच नीट सवड मिळते : रान मोकळं झाल्यावर आणि वळवाचा पाऊस पडण्याआधी. फेलोशिप मात्र निकाल, नोंदणी, समितीच्या बैठका आणि मार्चअखेर यांच्या तालावर चालते. हे दोन्ही जुळलं नाही तर एका महिन्याच्या उशिरापायी अख्खं वर्ष हातचं जातं. म्हणून नेट या पात्रता परीक्षेच्या अर्जापासून फेलोशिप बंद होईपर्यंतची वाट, जशी येते तशी, इथे लिहून ठेवत आहे.

सुरुवात परीक्षेच्या निवडीपासून. भूगोल किंवा पर्यावरणशास्त्रातून येणाऱ्यांना यूजीसी-नेट. भूशास्त्रवाल्यांना सीएसआयआर-यूजीसी नेटमधला पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान हा विषय. कृषी विद्यापीठातून मृदशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांची वाट वेगळी. त्यांची फेलोशिप भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) पीएचडी प्रवेश परीक्षेतून येते. एएसआरबी-नेट ही मात्र नुसती अध्यापनाची पात्रता आहे, तिच्यासोबत फेलोशिप नाही. नावात नेट आहे म्हणून तीच परीक्षा देऊन वर्ष घालवू नका.

यूजीसी-नेट साधारणपणे जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांत होते. पहिल्या पेपरला ५० प्रश्न, दुसऱ्याला १००, एकूण ३०० गुण, सलग तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सीएसआयआरला कापतात, तिथे ही सवय अंगाशी येते. अर्ज भरताना जेआरएफचा, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपचा, पर्याय निवडला आहे ना, हे भरून झाल्यावर पुन्हा एकदा पाहा. जेआरएफला वयाची अट ३० वर्षं आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांपर्यंत सवलत मिळते.

इथेच पहिला कागद अडतो. ओबीसी उमेदवाराकडे राज्याच्या नमुन्यातला जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर असतो, पण नेटला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. तो वेगळा काढावा लागतो आणि जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही तपासावं लागतं. निकालानंतर सेतूत धावपळ करण्यापेक्षा अर्ज भरायच्या आधी काढलेला बरा. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच चालतो, तेव्हा एप्रिल उलटला की जुन्यावर भिस्त ठेवायची नाही.

दुसरा अडतो तो नावाचा कागद. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. बँकेत मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पॅन एका नावाचं, पदवी दुसऱ्या. फेलोशिपचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि पत्रावरचं नाव, आधार व बँक खातं जुळलं नाही तर गाडी तिथेच थांबते. नेटचा अर्ज आधारप्रमाणे भरा. बँकेतलं नाव त्याच दिवशी दुरुस्त करायला टाका. नावबदलाच्या राजपत्राची गरज असेल तर त्यालाही आत्ताच हात घाला, कारण पत्र हातात आल्यावर या कामाला सवड राहत नाही.

निकाल लागला, पत्र आलं, की दोन दिवस फार हलकं वाटतं. मग लक्षात येतं की पीएचडीला प्रवेश आणि नोंदणी झाल्याशिवाय या पत्राचा एक रुपयाही मिळत नाही, आणि पत्राला मुदत आहे. ती मुदत पत्रावरच छापलेली असते. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून सरांना किंवा मॅडमना भेटायला जाताना दोन गोष्टी नम्रपणे, पण नक्की विचारा : जागा रिकामी आहे का, आणि सेवा किती वर्षं उरली आहे. विचारायला अवघड वाटतं. पण मध्यावर गाईड बदलायची वेळ आली तर कितीतरी जास्त अवघड जातं.

जेआरएफ हुकली तरी दारं बंद होत नाहीत. बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्याच्या संस्था आपापल्या समाजघटकांसाठी पीएचडी फेलोशिप देतात, आणि केंद्राच्या अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिप आहेत. यातल्या बहुतेकांना आधी पीएचडीची पक्की नोंदणी लागते. एका वेळी एकच फेलोशिप घेता येते आणि तसं हमीपत्र द्यावं लागतं. एखाद्या प्रकल्पातलं जेआरएफचं पद हा वेगळा मामला आहे. पगार तेवढाच असू शकतो, पण प्रकल्प संपला की पदही संपतं आणि विषय प्रकल्पाचा असतो, आपला असेलच असं नाही.

आता सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा. इथे वेळ घाला, कारण पुढे पैसे कुठे आणि किती लागणार हे याच दहा-पंधरा पानांत ठरतं.

‘जमिनीचा ऱ्हास’ एवढ्यावर सिनॉप्सिस तपासणारी समिती समाधानी होत नाही, आणि ते बरोबरच आहे. ऱ्हास कशाने? पाण्याने होणारी धूप, झाडोरा कमी होणं, क्षार साचणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची मोजमापं वेगळी आणि खर्चही वेगळे. इस्रोच्या अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने २०२१ मध्ये काढलेल्या ॲटलासनुसार २०१८-१९ साली देशातली ९.७८५ कोटी हेक्टर जमीन, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या २९.७७ टक्के, ऱ्हासाखाली होती. हा आकडा प्रस्तावनेत एका ओळीत पुरे. समितीला हवं असतं ते पुढचं : तुमच्या पाणलोटात कोणती प्रक्रिया, किती वर्षांतली, आणि ती कशी मोजणार. अर्ध-शुष्क म्हणजे काय, तेही आकड्यात लिहा. वार्षिक पाऊस भागिले संभाव्य बाष्पोत्सर्जन (जमीन आणि झाडं मिळून जास्तीत जास्त जेवढं पाणी हवेत सोडू शकतील तेवढं) हे गुणोत्तर ०.२० ते ०.५० मध्ये असेल तो प्रदेश अर्ध-शुष्क. ‘कमी पावसाचा भाग’ असं मोघम लिहिलं की पहिला प्रश्न तिथेच येतो.

अभ्यासक्षेत्र तालुक्याच्या हद्दीने घेऊ नका, पाणलोटाने घ्या. माती तालुक्याची वेस ओळखत नाही. माथ्यावरची बरड मुरमाड, मधली उथळ करडी आणि ओढ्याकाठची खोल काळी अशी उतरंड एकाच छोट्या पाणलोटात मिळते, आणि धूप समजायची तर ही उतरंडच मोजावी लागते.

आणखी एक ठिकाण आहे जिथे प्रस्ताव हमखास सापडतात. उपग्रहाच्या चित्रावरून हिरवेपणा, म्हणजे एनडीव्हीआय, घसरला की ऱ्हास झाला, असं लिहिलेलं असतं. पण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या भागात हिरवेपणा आधी पावसाच्या मागे जातो. सुरुवात भरपूर पावसाच्या वर्षापासून आणि शेवट २०१८ च्या दुष्काळावर केला तर सगळा जिल्हा उजाड दिसतो. शेवट २०२० वर केला तर तोच जिल्हा सुधारलेला दिसतो. पावसाचा परिणाम बाजूला काढून उरलेला कल कसा पाहणार, हे सिनॉप्सिसमध्ये लिहावंच लागतं. याच्या उलट फसगत कालव्याखाली होते. उसाचं रान वरून बारमाही हिरवंगार दिसतं आणि खाली पाणी साचून जमीन क्षारपड होत असते. उपग्रहाला ते लवकर कळत नाही. तिथे खोदूनच बघावं लागतं.

चित्रांच्या बाबतीत एक साधी नोंद. लँडसॅट-५ या उपग्रहाची नेहमीची चित्रं २०११ मध्ये थांबली आणि लँडसॅट-८ २०१३ मध्ये आला. मधल्या २०१२ ला, म्हणजे नेमक्या दुष्काळी वर्षाला, फक्त लँडसॅट-७ होता, आणि त्याच्या चित्रांत ३१ मे २००३ पासून काळे पट्टे आहेत. हे वर्ष अभ्यासात असेल तर मोडिस या उपग्रहावरच्या संवेदकाची २५० मीटरची चित्रं घ्या, किंवा पट्टे कसे भरणार ते सांगा. २५० मीटरच्या एका चौकटीत सव्वासहा हेक्टर मावतात. आपल्याकडच्या एक-दोन एकरांच्या तुकड्यांत तेवढ्यात ज्वारी, डाळिंब आणि पडीक माळ एकत्र येतात, हेही मान्य करून टाकावं.

चित्रांना पैसे लागत नाहीत. लँडसॅट आणि सेंटिनेल दोन्ही मोफत आहेत, आणि सर्वे ऑफ इंडियाचे खुल्या मालिकेतले नकाशे त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर मोफत उतरवता येतात. मंडळनिहाय पाऊस कृषी विभागाच्या महारेनवर मिळतो, विहिरींच्या पातळ्यांसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात पत्र द्यावं लागतं. पत्र विभागप्रमुखांच्या सहीचं, जावक क्रमांकासह. विद्यार्थ्याच्या साध्या अर्जावर फाइल हलायला वेळ लागतो.

परवानग्यांचे अर्ज सिनॉप्सिस मंजूर झाला की त्याच आठवड्यात टाका. एखादा बिंदू वनजमिनीवर येत असेल तर उपवनसंरक्षकांकडे, माळढोक अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात येत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी. ही शेवटची परवानगी महिन्यांच्या हिशेबाने धरा. मला विचाराल तर प्रश्न अभयारण्याबद्दलच नसेल तर बिंदू हद्दीबाहेर घ्यावेत. गायरानासाठी ग्रामपंचायतीला पत्र द्या. खाजगी रानात मालकाची परवानगी हवीच, आणि ती बांधावर उभं राहूनच मिळते. “जमीन मोजायला आलाय का? काय प्रकल्प येतोय?” हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो आणि तो रास्त असतो. आपण कोण, माती किती नेणार, तिचं काय करणार, सातबाऱ्याशी याचा काही संबंध नाही, हे मराठीत छापलेल्या एका पानावर घेऊन जा. आणि तपासणीचा अहवाल आणून देऊ असं म्हटलं असेल तर आणून द्याच. काका-मामा दुसऱ्या वर्षी रानात पाय ठेवू देतात ते त्या अहवालावर.

नोंदणी झाली की रुजू झाल्याचा अहवाल जातो. त्यावरची तारीख हा पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे. दोन वर्षं कधी पूर्ण होणार, एसआरएफ (पुढच्या टप्प्याची सीनियर रिसर्च फेलोशिप) कधी, पाच वर्षं कधी संपणार, सगळं त्या तारखेवरून. नोंदणीपत्र, रुजू अहवाल आणि फेलोशिपच्या पोर्टलवरची नोंद या तीन ठिकाणी ती एकच आहे का, हे स्वतः पाहा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आणि एसआरएफ ४२,००० रुपये आहे. घरभाडं शहराच्या वर्गाप्रमाणे वेगळं मिळतं, पण वसतिगृहात राहत असाल तर मिळत नाही. वसतिगृहात जागा नाही म्हणून बाहेर राहत असाल तर तसा दाखला रेक्टरांकडून घेऊन ठेवा.

पैसे दरमहा आपोआप येतात हा समज सोडावा लागतो. संस्थेतला एक कर्मचारी दर महिन्याला पोर्टलवर तुमची हजेरी भरतो, दुसरा ती तपासून पुढे पाठवतो. मेकर आणि चेकर. दोघांपैकी एक रजेवर असला तरी तो महिना मागे पडतो. त्या दोघांची नावं, बसायची जागा आणि महिन्याची शेवटची तारीख माहीत करून घ्या, हजेरीपत्रक गाईडच्या सहीने दोन-तीन दिवस आधी पोचवा. पहिला हप्ता यायला काही महिने लागू शकतात. त्या काळात घरी काय सांगायचं हा प्रश्न खरोखर छळतो, कारण फेलोशिप मिळाल्याचे पेढे तर वाटून झालेले असतात. किमान सहा महिने हातउसनं न घेता निभेल एवढी तजवीज आधी असावी. थकबाकी नंतर एकदम येते, पण नमुने काढायचा मोसम तिच्यासाठी थांबत नाही.

वर्षाला ३० दिवस रजा मिळते, उन्हाळी-दिवाळीची सुट्टी संशोधकाला नसते. क्षेत्रकाम रजा नाही. पण तसा कागद नसेल तर गैरहजेरी लागते, म्हणून प्रत्येक दौऱ्याआधी गाईडच्या सहीचं पत्र विभागात देऊन जायचं. महिलांना पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा आहे. ती मागताना संकोच करण्याचं कारण नाही, नियमात लिहिलेली आहे.

आता कंटिन्जन्सी, म्हणजे संशोधनाच्या प्रत्यक्ष खर्चाची रक्कम. यूजीसीच्या जेआरएफला विज्ञान शाखेसाठी पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० आणि पुढे २५,००० रुपये. मानव्यविद्येसाठी १०,००० आणि २०,५००. भूगोलवाल्यांनी आपण कोणत्या शाखेत धरले गेलो आहोत हे पहिल्याच महिन्यात लेखा विभागाला विचारावं. विज्ञानाचा दर धरला तरी पाच वर्षांचे मिळून ९९,००० होतात. आणि सगळ्यात जास्त खर्च कधी येतो? पहिल्या दोन वर्षांत, जेव्हा हातात फक्त २४,००० असतात.

एक साधा हिशेब करू. ६० बिंदू, प्रत्येकी दोन थर, १२० नमुने. बाहेरच्या प्रयोगशाळेत एका नमुन्याला उदाहरणादाखल ५०० रुपये धरले तर एका फेरीचे ६०,०००. म्हणजे हा आराखडा कागदावर शोभतो, पैशात बसत नाही. बसवायचा कसा? सामू (पीएच) आणि क्षारता विभागाच्याच प्रयोगशाळेत सगळ्या १२० नमुन्यांची स्वतः करा. सेंद्रिय कर्ब वरच्या थराच्या ६० नमुन्यांचा. कणरचना (वाळू, गाळ, चिकणमातीचं प्रमाण) आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना धरून असलेलं सोडियम) यांसारख्या महाग किंवा वेळखाऊ चाचण्या उतरंडीवरच्या निवडक २४ नमुन्यांवर. आणि ६० बिंदू हवे असतील तर ६९ आखा. वर्षभरात एखाद्या रानात जेसीबीने बांधबंदिस्ती होते, कुणी मुरूम उचलतो, कुणी शेततळं घेतो. बिंदू गेला की त्याची आधीची सगळी मोजणी वाया.

नमुन्याचा दिवस असा असतो. सकाळी लवकर सुरुवात, कारण अकरानंतर मुरमाड उतारावर उभं राहवत नाही. वरचा काडीकचरा बाजूला करायचा, व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, कडेची बोटभर जाडीची चकती वरून खालपर्यंत सारखी काढायची. एका बिंदूभोवतीच्या पाच-सहा खड्ड्यांची माती घमेल्यात मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलोवर यायचं. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरपं आणि गंजकं घमेलं चालत नाही, प्लास्टिकची बादली आणि लाकडी पट्टी घ्या. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, एक पिशवीत आणि एक बाहेर बांधून. शाई ओल धरते आणि घरी आल्यावर अठरा आणि सोळा ओळखू येत नाहीत. पंधरा सेंटिमीटरवरच मुरूम लागला तर खालच्या थराचा नमुना ओढूनताणून काढू नका. ‘१५ ला मुरूम’ अशी नोंद करा, धूप झालेल्या जागेची तीच खूण असते.

जागेचे अक्षांश-रेखांश नेहमी दशांश अंशातच लिहायचे. १७.४५३० आणि १७ अंश ४५ मिनिटं ३० सेकंद या दोन जागांत उत्तर-दक्षिण सुमारे ३४ किलोमीटरचं अंतर पडतं. वहीत एकाने एक पद्धत वापरली आणि दुसऱ्याने दुसरी, की नकाशावर बिंदू भलत्याच तालुक्यात जाऊन बसतात आणि का, ते कळायला आठवडा जातो.

धूप मोजायच्या सळ्या रोवायच्या असतील तर जूनच्या पहिल्या आठवड्याआधी रोवून झाल्या पाहिजेत. जाड लोखंडी सळी भंगारात विकली जाते, म्हणून बारीक घ्या, टोक रंगवा आणि शेजारच्या रानातल्या माणसाला ती कशासाठी आहे ते दाखवून ठेवा. काळ्या जमिनीत सळीवर फार विसंबू नका. ती माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि सळी उघडी पडलेली दिसते ती धुपीमुळे की आकसण्यामुळे, हे सांगता येत नाही. घनतेचंही तसंच, काळ्या जमिनीचे सगळे नमुने सारख्या ओलीवर घ्यावे लागतात.

प्रयोगशाळेतल्या दोन चुका फार महागात पडतात. पहिली क्षारतेची. ४ डेसिसायमन प्रति मीटर ही क्षारयुक्त जमिनीची मर्यादा संपृक्त अर्कासाठी, म्हणजे माती पाण्याने पुरती भिजवून काढलेल्या अर्कासाठी, आहे. आपण मोजतो ते बहुधा एकास अडीच या माती-पाण्याच्या प्रमाणात, आणि तिथे आकडा बराच कमी येतो. तो थेट ४ शी ताडून ‘जमीन क्षारयुक्त नाही’ असं लिहिलेले प्रबंध परत येतात. चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या, जमिनीत तर क्षारता कमीच असते. तिथे सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर आहे का ते पाहायचं.

दुसरी चूक सेंद्रिय कर्बाची. आपल्याकडे चुनखडीयुक्त जमिनी भरपूर आहेत. नमुना चुनखडी न काढता सीएचएन (कर्ब, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणाऱ्या) यंत्राला दिला की चुन्यातला कर्बही मोजला जातो आणि माळावरच्या मातीत जंगलाएवढा कर्ब दिसतो. आधी आम्लाने चुनखडी काढा, किंवा वॉकली-ब्लॅक पद्धत वापरा. त्यात चुन्याची अडचण येत नाही, पण क्लोराइड जास्त असलेल्या खारवट मातीत आकडा फुगतो, तिथे सिल्व्हर सल्फेट लागतं. ही पद्धत सगळा कर्ब पकडत नाही, म्हणून १.३ चा गुणक लावतात. लावला की नाही हे तक्त्याखाली लिहा. आणि या पद्धतीत वापरलेलं डायक्रोमेटचं उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, त्यातलं क्रोमियम विषारी असतं. वेगळ्या कॅनमध्ये साठवून विभागाच्या हवाली करा.

खर्चाच्या पावत्या हा वेगळाच व्याप. बिल पक्कं हवं, जीएसटी क्रमांकासह, आणि कुणाच्या नावाने हवं हे खरेदीआधी लेखा विभागाला विचारावं. विभागाच्या नावाने हवं असताना स्वतःच्या नावाने घेतलं की ते परत येतं. गावातल्या जीपवाल्या दादांकडे छापील बिल नसतं. त्यांच्यासाठी कोरी व्हाउचर्स बरोबर ठेवा : तारीख, कुठून कुठे, किलोमीटर, गाडीचा नंबर, सही. रक्कम ५,००० च्या वर गेली तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. फर्निचर या रकमेतून घेता येत नाही. खर्च आर्थिक वर्षात दाखवायचा असल्याने मार्चमध्ये सगळ्यांच्या फायली एकाच टेबलावर येतात, आणि आपला मोठा खर्च नेमका एप्रिल-मेमध्ये असतो. म्हणून रसायनं, पिशव्या, चाळण्या जानेवारीत घेऊन ठेवा. जीप आणि मजुरी तेवढी एप्रिलच्या नव्या वर्षात टाका. प्रत्येक बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात.

दोन वर्षं पूर्ण होत आली की एसआरएफची तयारी. गाईड, विभागप्रमुख आणि एक बाहेरचे तज्ज्ञ अशी तीन जणांची समिती काम पाहून शिफारस करते. शोधनिबंध छापून आलेला असला तर चांगलंच, पण समिती मुख्यतः पाहते की काम चाललं आहे का. इथे दोन मोसमांची मोजणी हातात असेल तर बोलायला काही असतं. पहिला मोसम कागदांपायी हुकला असेल तर एकाच वर्षाच्या आकड्यांवर बाहेरच्या तज्ज्ञांसमोर उभं राहावं लागतं, आणि एका पावसाळ्यावरून धुपीबद्दल काहीच ठामपणे सांगता येत नाही. बाहेरच्या तज्ज्ञांची तारीख तीन महिने आधी धरा. इतिवृत्तावर तिघांच्या सह्या त्याच दिवशी, त्याच टेबलावर घ्या. एक सही राहिली की ती पोस्टाने फिरते आणि वाढीव रक्कम तेवढे महिने अडते.

तिसऱ्या-चौथ्या वर्षात पैशाची घडी बसलेली असते, सहामाही सल्लागार समितीपुढचं सादरीकरण अंगवळणी पडतं, आणि कंटिन्जन्सीही २५,००० झालेली असते. राहिलेल्या महागड्या चाचण्या याच काळात उरका.

पाचव्या वर्षी मात्र एक गोष्ट आधीच डोक्यात हवी. पीएचडीला सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, फेलोशिप पाचच वर्षं आहे. प्रबंध त्याआधी सादर केला तर फेलोशिप त्या दिवशी थांबते. सहाव्या वर्षात गेलात तर घरभाडं, छपाई, सादरीकरणाचे खर्च स्वतःचे. त्यामुळे नवीन मोजणी चौथ्या वर्षाच्या मे महिन्यात थांबवावी, मोह कितीही झाला तरी. आणखी एक पाऊस मोजला तर चित्र स्पष्ट होईल असं दरवर्षीच वाटतं.

बंद करतानाचे कागद थोडे असतात, पण नेमके असतात : शेवटच्या महिन्याची हजेरी, प्रबंध सादर केल्याची पोच, कंटिन्जन्सीचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे आपलं यूसी, आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहाचे ना-हरकत दाखले. यूसीतला आकडा आणि बिलांची बेरीज रुपयाला रुपया जुळावी लागते. शिल्लक राहिली असेल तर ती परत भरल्याची पावती जोडावी लागते.

आणि उरलेली माती फेकू नका. २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली, सावलीत वाळवलेली माती बंद डबीत वर्षानुवर्षं टिकते. डबीवर बिंदू क्रमांक, खोली आणि तारीख. खोक्याच्या झाकणाला आतून अक्षांश-रेखांशांची यादी चिकटवा, आणि तीच यादी विभागाच्या साठा वहीत नोंदवून सही घ्या. त्याच पाणलोटात दहा वर्षांनी कुणी उतरलं, तर जुनी माती आणि नवी माती एकाच प्रयोगशाळेत, एकाच हाताने, शेजारी शेजारी तपासता येते.